वहीतला बुधवार

मंगळवारी सकाळी पावणेसातला बाबा डायलिसिस सेंटरच्या वजनकाट्यावर चढायचे तेव्हा आधी चपला काढायचे, मग खिशातला रुमाल आणि घराची किल्ली माझ्या हातात द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी चष्मा. चष्म्याचं वजन ते किती असणार! पण शनिवारनंतर मध्ये तीन रात्री गेलेल्या असायच्या, लघवी जवळजवळ बंदच झालेली, प्यायलेलं सगळं पाणी अंगातच. काट्यावर ६१.४ उमटलं की टेक्निशियन मान वर न करता विचारायचा, "काका, रविवारी पाहुणे आले होते काय?" बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

त्यांचं ड्राय वेट ५८ होतं. अंगात जादा पाणी नसताना माणूस जेवढा भरायला हवा, ते ड्राय वेट. वरचे ३.४ किलो म्हणजे चहा, पेज, आमटी आणि चोरून खाल्लेली कलिंगडाची एखादी फोड. ते सगळं चार तासांत मशीनने ओढून काढायचं. काढता काढता कधी पायात गोळे यायचे, कधी बीपी पडायचं, मग सिस्टर धावत येऊन खुर्ची मागे पाडायच्या आणि सलाइन सोडायच्या. म्हणजे काढलेलं पाणी थोडं परत आत.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. घरात आजारपण आलं की कुणी नवस बोलतं, कुणी होमिओपथीकडे वळतं. मी वही घातली. दोनशे पानी, आडव्या रेघांची, त्यात मी पट्टीने उभे रकाने पाडले होते: तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना 'काय खाल्लं'. मी घरी नसले की आईला फोन करून विचारायचं आणि रात्री लिहायचं. बाबा तिला चित्रगुप्ताची वही म्हणायचे. २०१६ च्या फेब्रुवारीपासून २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत अशा तीन वह्या भरल्या.

आमच्या फ्रिजवर एक कागद होता. डायलिसिस लागण्याआधी, मूत्रपिंडं कशीबशी चालत होती तेव्हा, एका ठिकाणी मिळालेला. शहाळं बंद, केळं बंद, टोमॅटो-बटाटा दोन पाण्यातून उकळून, डाळ अर्धी वाटी, मासे-मटण बंद. तो कागद तेव्हा बरोबर होता. मूत्रपिंडं थकलेली असताना प्रथिनं बेताने खायची असतात. पण मशीन सुरू झालं की हिशेब उलटतो. दर वेळी रक्तातली काही ग्रॅम अमायनो आम्लं मशीनमधून वाहून जातात, भूक मेलेली असते, आणि आता माणसाला प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम किंवा त्याहून थोडं अधिक. हे आम्हाला आठ महिने कुणीच सांगितलं नाही. जिथे कागद मिळाला त्यांना वाटलं डायलिसिसवाले सांगतील, डायलिसिसवाल्यांना वाटलं आधीच सांगितलं असेल. आठ महिने आम्ही बाबांना दुधी आणि भात घालत होतो, आणि त्यांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, घसरून ३.१ वर आलं होतं.

मालवणातून साठ वर्षांपूर्वी डोंबिवलीला आलेला माणूस. ताटात मासा नसेल तर त्याला ते जेवण वाटत नसे, फराळ वाटत असे. त्या आठ महिन्यांत एकदा ताट पुढे सरकवून म्हणाले होते, "मशीन हप्त्याक तीनदा, आणि बांगडो? एकदाय नाय?"

नवीन आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागद पाहिला, कपाळाला हात लावला आणि मासे चालू करायला सांगितले. उलट खाच म्हणाल्या. फक्त मीठ कमी, सुकं अजिबात नको, आणि जेवताना पहिल्या घासाबरोबर फॉस्फरसची गोळी, म्हणजे अन्नातला फॉस्फरस रक्तात जाऊ न देणारी. मग दिवस ठरवायचा प्रश्न आला. मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनचे. परत आल्यावर बाबांना अन्नाचा वासही नको असायचा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवार मोठ्या गॅपमधला, म्हणून मला भीती. उरले बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी माझं संध्याकाळच्या कॉलेजात लेक्चर असायचं, घरी यायला साडेनऊ वाजायचे, दारातच कापराचा वास यायचा आणि बाबा झोपलेले असायचे. म्हणजे लक्ष ठेवायला कुणी नाही. तेव्हा बुधवार. दोन बांगडे, त्यातला दीड बाबांना. खाच म्हणून सांगितलेलं असतानाही आठवड्यातून एकदाच हे मी ठरवलं. सावधगिरी म्हणून.

बुधवारी आई बांगड्याचं तिखलं करायची. भिजवलेल्या मिरच्या, धणे, थोडं ओलं खोबरं पाट्यावर घेतल्यासारखं बारीक वाटायचं, हळद, आमसुलं, आणि तिरफळं ठेचून. तिरफळ सोललं की बोटांना जो झिणझिण्या आणणारा वास येतो, तो पोचला की बाबा आतल्या खोलीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, फिस्टुलाचा हात दुसऱ्या हाताने धरून. त्या हाताला कान लावला तर आत घुंघुं आवाज यायचा. शीर आणि धमनी जोडून दिलेली, रक्त जोरात वाहत असतं त्याचा. मीठ इतकं कमी असायचं की मला ते कालवण घशाखाली उतरत नसे. बाबा काटा न् काटा चोखायचे. डोकं शेवटी.

आता मुद्द्याचं. बाबांच्या रक्तात काय काय वाढलंय हे दर महिन्याला कागदावर यायचं: क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस. चरबीचं मात्र कुणी बोलायचं नाही. मला उत्सुकता वाटायला लागली ती एका सकाळी, आदल्या रात्री लग्नातलं जेवण झालं होतं तेव्हा. तपासणीची नळी थोडा वेळ स्टँडवर उभी राहिली आणि खाली लाल, आणि वर नेहमीच्या पाण्याऐवजी ताकासारखा पांढरट थर दिसला. टेक्निशियन म्हणाला, "काकांनी काल तूप खाल्लं." मी विचारलं, हे पण मशीन काढतं का? तो हसला.

नाही काढत. डायलायझर म्हणजे वीतभरापेक्षा थोडी लांब प्लास्टिकची नळी, आत केसाएवढ्या बारीक हजारो पोकळ नळ्या. आतून रक्त, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर. बाहेरून उलट्या दिशेने डायलिसेट, म्हणजे रक्त धुणारं पाणी, मिनिटाला ५०० मिलिलिटर. चार तासांत १२० लिटर पाणी एका माणसासाठी. १९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये कांपेन गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने पहिलं यंत्र केलं ते सॉसेजसाठी वापरायच्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून. तत्त्व आजही तेच. भोकं इतकी लहान की युरियासारखे छोटे रेणू पलीकडे जातात आणि मोठे राहतात. मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्यांची बनते त्या साखळ्या, एकटी फिरतच नाहीत. ती अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून जातात, नाहीतर मोठ्या मेदकणांच्या पोटात. अल्ब्युमिन पलीकडे जात नाही, मग त्याच्या पाठीवरचंही जात नाही. गंमत म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपॅरिन शिरांच्या भिंतीला चिकटलेलं एक विकर सोडवून रक्तात आणतं, ते मेदाचे कण फोडतं, आणि मशीन चालू असतानाच रक्तात सुटी मेदाम्लं वाढतात. आणि ती पेशींच्या भट्टीत नेऊन टाकणारं कार्निटिन मात्र लहान असल्याने मशीनमधून निसटून जातं. सरपण वाढलं, ते वाहून नेणारा हमाल पळाला.

कोलेस्टेरॉलचं तर आणखी विचित्र. सगळ्या जगाला जास्त कोलेस्टेरॉलची धास्ती, आणि डायलिसिसवरच्या लोकांत कोलेस्टेरॉल कमी असलेलेच लवकर जाताना दिसतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. कमी कोलेस्टेरॉल हे पुष्कळदा उपाशीपणाचं आणि अंगात धुमसणाऱ्या सुजेचं लक्षण असतं. माणूस आतून खंगतोय, म्हणून आकडा खाली. मग औषधाने तो आणखी खाली आणून काय मिळणार? जर्मनीत मधुमेह असलेल्या १२५५ डायलिसिस रुग्णांवर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची चाचणी झाली, २००५ मध्ये निकाल आला. कोलेस्टेरॉल उतरलं, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्र आकडा म्हणावा तसा उतरला नाही. २००९ मध्ये 'ऑरोरा' नावाच्या चाचणीत २७७६ रुग्णांना त्याच जातीचं रोसुव्हास्टॅटिन देऊन पाहिलं. तेच. बाकीच्या जगात ज्या गोळीने हजारो जीव वाचवले, ती इथे येऊन ढिम्म. कारण इथली माणसं बरेचदा रक्तवाहिनी तुंबून जात नाहीत. हृदयाचा ताल अचानक बिघडतो आणि दिवा विझतो.

इथे मासे येतात. १९७० च्या सुमारास डेन्मार्कचे हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न ड्यूरबर्ग ग्रीनलंडला गेले, तिथल्या इनुइट लोकांचं रक्त काढलं. सील आणि मासे खाणारी, चरबीत बुडालेली माणसं, आणि रक्तातली चरबी डेन्मार्कच्या लोकांपेक्षा वेगळीच. तिथून ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ मेदाम्लांची नावं पुढे आली. ईपीए म्हणजे वीस कार्बनांची साखळी, तीत पाच दुहेरी बंध. डीएचए बावीस कार्बनांची, सहा बंध. प्रत्येक दुहेरी बंधाशी साखळी वाकते. अशा वाकड्या साखळ्या पेशीच्या आवरणात बसल्या की आवरण लवचीक राहतं, आणि हृदयाच्या पेशींतून विजेचा जो खेळ चालतो तो सहजी भडकत नाही, असा तर्क. शरीर हे जवसातल्या छोट्या साखळीपासून फार थोडं बनवू शकतं. आयतं मिळतं ते माशात, आणि त्यातही बांगडा-तारलीसारख्या तेलकट, स्वस्त माशात. पापलेट आपलं उगाच भाव खाऊन असतं.

मी बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसून हे सगळं फोनवर वाचायचे. चार तास दुसरं करायचं काय? २००२ मध्ये अमेरिकेत डायलिसिस नुकतंच सुरू झालेल्या २१६ लोकांना विचारलं, मासे खाता का? हो म्हणणाऱ्यांचा मृत्यूचा धोका पुढच्या काळात निम्म्याच्या आसपास दिसला. मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ह्या कळूक अमेरिकेत कित्या जाऊक होया?"

पण मला पहिल्या वर्षाच्या वर्गात जे शिकवते तेच आठवलं. डायलिसिसवर असताना मासे कोण खातं? ज्याला भूक आहे तो. ज्याचे हातपाय चालतात, ज्याच्या घरी करून घालणारं कुणी आहे, ज्याच्या खिशात पैसे आहेत. मग जगवतं कोण, बांगडा की बांगडा करणारी? त्या आकड्यात आई कुठल्या रकान्यात धरली?

शिवाय, विचारून कळतं किती? लोक आहाराच्या प्रश्नावलीत डॉक्टरला आवडेल ते सांगतात. म्हणून संशोधक नंतर नंतर माणसाला विचारायचं सोडून रक्तालाच विचारायला लागले. रक्ताच्या थेंबातली मेदाम्लं सुटी करून वायुरूपात एका लांबलचक, धाग्यासारख्या नळीतून सोडतात. प्रत्येक जण आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर एकेक सुळका उमटतो. तांबड्या पेशींच्या आवरणात ईपीए-डीएचए किती टक्के आहे, यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांत माणसाने काय खाल्लं ते कळतं. तिथे खोटं बोलता येत नाही. जपानमध्ये १७६ डायलिसिस रुग्णांच्या तांबड्या पेशी अशा तपासल्या, पाच वर्षं वाट पाहिली. डीएचए जास्त असलेले जास्त टिकले. २०१३ मध्ये अमेरिकेतून आणखी एक आलं: डायलिसिसच्या पहिल्याच वर्षात हृदय अचानक थांबून गेलेले १०० जण आणि न गेलेले ३०० जण, आणि दोघांचं सुरुवातीला काढून ठेवलेलं रक्त. ज्यांच्या रक्तात या लांब साखळ्या कमी, त्यांच्यात अचानक मृत्यू जास्त. सगळ्यात वरचा गट आणि सगळ्यात खालचा गट यांत फार मोठं अंतर.

तरी हे सगळं नंतर बघणं झालं. आधी नाणं उडवून कुणाला तेल द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवल्याशिवाय माझ्यासारखीचं समाधान होत नाही. तसं डेन्मार्कमध्ये एकदा केलं होतं: २०६ रुग्ण, अर्ध्यांना रोज १.७ ग्रॅम ओमेगा-३, अर्ध्यांना ऑलिव्ह तेल, दोन वर्षं. २००६ चा निकाल. एकूण हिशेबात, मृत्यू आणि हृदयाचे आजार मिळून, फरक नाही. पण हृदयविकाराचे झटके ओमेगा-३ वाल्यांत ४, ऑलिव्ह तेलवाल्यांत १३. दोन वर्षांत २०६ पैकी १२१ जणांना काही ना काही झालं किंवा ते गेले. मी हा आकडा बाबांना वाचून दाखवला नाही.

अशा अभ्यासांत एक आलेख असतो. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये त्याची रीत घालून दिली, मी दर वर्षी फळ्यावर काढते. डावीकडे वरून सुरू होणारी रेष, पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारी. प्रत्येक पायरी म्हणजे एक माणूस गेला. मध्येच रेषेवर छोटीशी उभी खूण असते, तिथे रेष उतरत नाही. त्याचा अर्थ माणूस अभ्यासातून बाहेर पडला: किडनी मिळाली, गाव बदललं, पुढे काय झालं माहीत नाही. आमच्या सेंटरमध्ये सात खुर्च्या होत्या. चार नंबरवर एक निवृत्त कंडक्टर बसायचे, सिस्टरला "पुढे चला, पुढे चला" करायचे. एका गुरुवारी चार नंबरवर दुसरंच कुणी होतं. बाबांनी विचारलं, टेक्निशियन म्हणाला, "ते गावाला गेले." तिथे सगळे गावालाच जायचे. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. मीही नाही. छोटी उभी खूण.

मध्ये एक फॉस्फरसचं प्रकरण झालं. २०१७ च्या पावसाळ्यानंतर बाबांचा फॉस्फरस ६.८ वर गेला आणि तिथेच अडून बसला. साडेपाचच्या आत हवा. आहारतज्ज्ञ बाई वही मागून घेऊन चाळायच्या, वही तर स्वच्छ. बुधवारी दीड बांगडा, तोही गोळीसकट. मी बिस्किटांवर संशय घेतला, बेकरीच्या बटरवर घेतला, लॅबवर घेतला, मग गोळ्या बनावट असतील म्हणून दुकान बदललं. एकदा तर बाबांच्या उशाखाली खारी सापडेल म्हणून गादी उचलून पाहिली. बाबा चिडले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच सुमाराला सेंटरमध्ये कॅप्सूलची साथ आली. कुणाच्या तरी मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवलं आणि पंधरा दिवसांत पाच खुर्च्यांशेजारी पिवळ्या कॅप्सूलच्या बाटल्या दिसू लागल्या. मीही आणली. बाटलीवर मोठ्या अक्षरात माशाचं तेल १००० मिलिग्रॅम, आणि मागे बारीक अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे हजारातले तीनशेच कामाचे. बाबांनी एक घेतली, तासाभराने ढेकर दिला, आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "माशाचो वास, मासो नाय." बाटली कपाटात गेली.

२०१९ चा ऑक्टोबर. पावसाळ्याची मासेमारी बंदी उठून दोन महिने झाले होते, बाजारात बांगड्यांचे ढीग, पोटाशी चरबी धरलेले. मंगळवारी पहाटे साडेपाचला मी रिक्षावाल्याला फोन करून आत आले तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, एका पायात मोजा घातलेला, दुसरा हातात. चष्मा टेबलावर होता. मला वाटलं विचार करतायत.

नंतर केव्हातरी, वह्या बघाव्याशा वाटल्या नाहीत तरी सवय जाईना म्हणून, मी २०११ चा एक अमेरिकी अभ्यास पुन्हा उघडला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होणारे ३२,०६५ जण. दोन दिवसांच्या मोठ्या खाड्यानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण दर शंभर व्यक्ती-वर्षांमागे, म्हणजे शंभर माणसांमागे वर्षाच्या हिशेबाने, २२.१, बाकी दिवशी १८. मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांचा तो दिवस मंगळवार. मी आधीही हे वाचलं होतं. म्हणूनच रविवारी मासे नको म्हटलं होतं.

मागच्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, ठाण्याला लोकलमध्ये उभी असताना एका विद्यार्थ्याने लिंक पाठवली. तो आता औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र करतो, बाबांचं त्याला माहीत होतं. टोरंटोच्या डॉक्टर शार्मेन लोक यांचं काम. त्यांनीच २०१२ मध्ये हातात बसवलेल्या कृत्रिम नळ्या तुंबू नयेत म्हणून २०१ रुग्णांना माशाचं तेल देऊन पाहिलं होतं, आणि निकाल थोडक्यात हुकला होता. आता मोठी चाचणी: कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले १२२८ डायलिसिस रुग्ण. चिठ्ठी टाकून अर्ध्यांना रोज ४ ग्रॅम माशाचं तेल, त्यात १.६ ग्रॅम ईपीए आणि ०.८ ग्रॅम डीएचए; अर्ध्यांना मक्याचं तेल. साडेतीन वर्षं. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना, म्हणजे हृदयामुळे मृत्यू, झटका, पक्षाघात, पाय कापावा लागणं: दर हजार रुग्ण-दिवसांमागे ०.३१ विरुद्ध ०.६१.

मी डब्यातच गुणाकार केला. शंभर रुग्ण, एक वर्ष: मक्याच्या तेलावर बावीसेक घटना, माशाच्या तेलावर अकरा. निम्म्या. पुन्हा केला. घाटकोपर आलं तेव्हा तिसऱ्यांदा.

माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. एकच चाचणी आहे. निरोगी माणसांवरच्या 'व्हायटल' चाचणीत, २५,८७१ लोक, असं काही ठळक हाती लागलं नव्हतं; जास्त मात्रेने हृदयाचा एक प्रकारचा ताल बिघडण्याचा धोका वाढतो असंही दुसरीकडे दिसलंय. हे डायलिसिसवाल्यांपुरतं, ज्यांच्या रक्तात मुळात या साखळ्यांचा दुष्काळ आहे. आणि आमच्या त्या पिवळ्या कॅप्सूलच्या हिशेबाने २.४ ग्रॅम म्हणजे रोजच्या आठ. आठ ढेकर! बाबांनी बाटली माझ्या अंगावर फेकली असती. बांगड्याचा हिशेब तर बसतच नाही. मोसमाप्रमाणे त्याची चरबी इतकी कमीजास्त होते की जूनमधला आणि ऑक्टोबरमधला बांगडा एका रकान्यात लिहिता येत नाही. पण बावीस आणि अकरा. मुलुंडला उतरणारी एक बाई म्हणाली होती, "मॅडम, बरं नाही का?" हे मला नंतर आठवलं. म्हणजे घाटकोपरच्या आधी. तेव्हा बहुतेक पहिलाच गुणाकार चालू असावा.

रविवारी आईला सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. मी साखळ्या, वाकणं, मक्याचं तेल, सगळं सांगितलं. मग न राहवून म्हणाले, "आपण आठवड्यातून एकदाच दिला गं. तोही दीड. मी तो शुक्रवारही द्यायला हवा होता."

आई कोलंबीचा काळा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "शुक्रवारी देय होतंय मी."

मला आधी कळलंच नाही.

"तुझा लेक्चर असायचा ना. दोन देय. हंगामात तीन. तिखला नाय, तळून. ते सांगीत, चेडवाक कळता कामा नये." काटे मागच्या गल्लीतल्या मांजराला. तवा लगेच घासायचा, पंखा लावायचा, खिडक्या उघडायच्या. "आणि वास?" मी विचारलं, आणि तिने उत्तर द्यायच्या आतच मला ते दार आठवलं, साडेनऊचं. मी आठ वर्षं समजत होते, शुक्रवार देवीचा म्हणून आई कापूर जाळते.

"फॉस्फरसची गोळी?"

"बुधवारची गोळी बुधवाराक. शुक्रवाराक मोजून गोळी कमी झाली तर तुका कळला असता."

मी कपाटातून दुसरी वही काढली. २०१७, ऑक्टोबर, नोव्हेंबर. शुक्रवारच्या ओळी बोट ठेवून वाचत गेले. निळ्या शाईत, माझ्या नीटनेटक्या अक्षरात: दुधीची भाजी, भात. पुढचा शुक्रवार, दुधी, भात. त्याच्या पुढचा, दुधी, एक फुलका. सात शुक्रवार सलग.

आईने वहीत डोकावून पाहिलं. चष्मा नव्हता लावलेला, पण तिला वाचायची गरज नव्हती, तिनेच फोनवर सांगितलेलं होतं सगळं. कोलंबीचं भांडं उचलून ती नळाकडे वळली.

"इतको दुधी कोण खाता गो?" ती म्हणाली.